लाकडी कॅम्पर आणि विदर्भाचं ऊन : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात किटपासून घरी बांधता येणाऱ्या टिअरड्रॉप कॅम्परची ओळख करून दिली होती. दोन चाकांवरची आठ फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच लाकडी खोली. पुढून गोल, मागे उतरती. आत दोघांपुरती गादी, मागची झडप उचलली की खाली स्वयंपाकाचा ओटा. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक असे कॅम्पर घरी बांधत आले आहेत. आपल्याकडून आलेली बरीच पत्रं मात्र सहलीसाठी नाहीत, वावरातल्या जागलीसाठी आहेत. उपयोग चांगला आहे. पण किटच्या पुस्तिकेतल्या वेळा आणि सूचना थंड हवेसाठी लिहिलेल्या असतात, त्या आपल्या उन्हाला आणि पावसाळ्याला जुळवून घ्याव्या लागतात. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

संत्र्याचा बगीचा गावापासून लांब आहे. रानडुकरं आणि रोह्यांमुळे हिवाळाभर जागल असते, मचाणावर थंडी सोसत नाही. किट परदेशातून मागवावं की इथलंच प्लायवूड कापून घ्यावं? – एक वाचक, ता. वरुड

फक्त नकाशे आणि कटिंगची फाइल विकत घ्या, कापणी इथेच करा. पूर्ण किटमध्ये साधारणपणे कापलेले प्लायचे भाग, इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून होणारी चिकटवण), ग्लास कापड (काचेच्या धाग्यांचं), तांब्याची तार, झडपेची बिजागरी आणि रबर पट्टी असते. चाकं, सांगाडा, रंग, गादी आणि वायरिंग बहुतेक किटमध्ये नसतंच. लाकूड आणि रेझिन समुद्रापलीकडून आणण्यात पैसा भाड्यात आणि जकातीत जातो. फर्निचरसाठी सीएनसी राउटर (संगणकाने चालणारं कापणीचं यंत्र) चालवणारे कारखाने नागपूर-अमरावतीकडे आहेत, ते हीच फाइल चालवू शकतात.

कापणीआधी एक काम स्वतः करा. प्लायची जाडी व्हर्निअरने चारही कडांना मोजा. बाजारातलं ९ मिमीचं प्लाय पुष्कळदा ८.५ च्या आसपास भरतं. फाइलमधल्या खाचा ९ मिमीच्या राहिल्या तर प्रत्येक सांधा खुळखुळतो आणि ती फट भरायला इपॉक्सी दुप्पट लागतं. मोजलेली जाडी राउटरवाल्याला द्या आणि आधी एक खाच टाकाऊ तुकड्यावर कापून बसवून बघा.

प्लाय आयएस ७१० चंच, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचंच, घ्या. या मानकात प्लाय ७२ तास उकळून तपासतात. शिक्क्यावर विसंबू नका. वीतभर तुकडा दिवसभर उकळा, थर सुटले तर तो माल परत करा. वजनाचा विचार मात्र करावा लागेल. परदेशी किटमध्ये ओकुमे हे हलकं लाकूड असतं, ९ मिमीची आठ बाय चारची शीट सुमारे १३ किलोची. आपलं गर्जनचं मरीन प्लाय त्याच मापात १८-१९ किलो भरतं. सहा शीट ९ मिमीच्या आणि चार ६ मिमीच्या धरल्या तर एकूण फरक पन्नास किलोंचा येतो. ट्रॅक्टरला हे पन्नास किलो जाणवणार नाहीत. छोट्या गाडीने ओढायचा असेल तर ते पन्नास किलो दुसरीकडून कमी करावे लागतील, म्हणजे कपाटं आणि ओट्याचे कप्पे कमी.

छताच्या पुढच्या गोलाईवर गर्जनचं ६ मिमी प्लाय सहज वळत नाही, जबरदस्ती केली की बाहेरचा पापुद्रा तडकतो. तिथे ४ मिमीचे दोन थर एकावर एक इपॉक्सीने चिकटवा आणि वरच्या पापुद्र्याच्या रेषा वळणाला आडव्या ठेवा. मग ते निमूट वळतं.

आणखी एक. तुमच्या भागात बिबट्या किंवा अस्वल फिरत असेल तर ९ मिमीच्या भिंतीला संरक्षण समजू नका. दोन्ही बाजूंना दारं ठेवा, दोन्ही आतून उघडणारी आणि आतून कडी लागणारी.

एप्रिलमध्ये काम काढलं. इपॉक्सीचा मग भरून कालवला, दहा मिनिटांत धूर निघून मग वितळला. उरलेल्यात हार्डनर कमी घातला तर दोन दिवस झाले तरी चिकटच. माल खराब आहे का? – एक वाचक, ता. काटोल

माल बहुधा चांगलाच आहे. दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत.

इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं. मगात ते एका जागी साचलेलं असतं, उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून आणखी तापतं, म्हणून आणखी वेगाने घट्ट होतं. कालवल्यावर वापरायला मिळणारी, डब्यावर लिहिलेली मुदत सहसा २५ अंशांची असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की ती अंदाजे निम्मी होते. लेबलवर ३० मिनिटं असतील तर ३५ अंशांना १५ आणि ४५ अंशांना सात-आठ मिनिटंच हातात राहतात. म्हणून एका वेळी १५०-२०० ग्रॅमच कालवा आणि कालवून होताच पसरट ट्रेमध्ये ओता. तिथे ते पातळ पसरतं आणि तापत नाही. दोन्ही डबे वापरण्याआधी सावलीत, गार पाण्याच्या घमेल्यात ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका. हार्डनर ‘स्लो’च मागा. धूर निघायला लागलेला मग हातात धरून बसू नका, उघड्यावर मातीत ठेवा आणि दूर व्हा. तो धूर छातीला वाईट.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टाक्या आणि कूलरच्या बॉड्या बनवणारे कारागीर पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यात उन्हाळ्यात हार्डनर कमी घालून वेळ वाढवता येतो. इपॉक्सीला हा नियम लागू नाही. त्यात रेझिनचा आणि हार्डनरचा प्रत्येक कण एकमेकांत गुंततो, म्हणून प्रमाण ठरलेलंच हवं. कमी हार्डनर म्हणजे हळू सुकणं नाही, कधीच पूर्ण न सुकणं. शिवाय मापाने दोनास एक असलेलं प्रमाण वजनाने दोनास एक नसतं. लेबलवर दोन्ही आकडे वेगळे छापलेले असतात. काट्यावर मोजत असाल तर वजनाचा आकडा घ्या.

चिकट राहिलेला थर पत्र्याच्या पट्टीने खरवडून, थिनरने पुसून काढावा लागेल. त्यावर नवा थर चढवला तर खालचा तसाच ओला राहून वरचा एक दिवस सालपटासारखा निघेल. याच कारणासाठी टाकीवाल्याकडचं पॉलिएस्टर स्वस्त मिळालं तरी लाकडावर लावू नका. लाकूड हवेसोबत फुगतं-आकसतं आणि पॉलिएस्टर त्याला धरून राहत नाही.

ग्लास कापड सकाळी सातला अंथरलं, रेझिन छान भिजलं. अकराला पाहिलं तर सगळीकडे बारीक फुगे आणि पांढरे ठिपके. – एक वाचक, हिंगणघाट

लाकडाच्या छिद्रांत हवा असते. सकाळी लाकूड गार असतं. ऊन चढलं की ती हवा प्रसरण पावते, बाहेर यायला बघते आणि अर्धवट घट्ट रेझिनमधून फुगे काढते. हे काम संध्याकाळचं. दिवसभर तापलेलं लाकूड साडेपाच-सहानंतर निवायला लागतं, आतली हवा आकसते आणि रेझिनला उलट आत ओढून घेते. कापडाआधी एक पातळ थर नुसत्या रेझिनचा द्या, दुसऱ्या संध्याकाळी कापड. काम टिनाच्या शेडमध्ये असेल तर पत्रा निवेपर्यंत थांबा, कारण सूर्य गेल्यावरही तो बराच वेळ आग ओकतो.

आता फुगे आलेली जागा १२० नंबरच्या पॉलिशपेपरने उघडा. पांढरे ठिपके कापडाच्या वर असतील तर घासून पुन्हा रेझिन भरा. कापडच लाकडापासून सुटलं असेल, तर तेवढा तुकडा कापून काढा, कडा उतरत्या घासा आणि दोन इंच जास्त मापाचा तुकडा चढवा.

बाहेरचं एकूण क्षेत्र दहा चौरस मीटरच्या आसपास येतं. २०० ग्रॅमचं कापड म्हणजे दोन किलो कापड, ते भिजवायला दोन ते अडीच किलो रेझिन आणि विण बुजवणाऱ्या पुढच्या दोन थरांना आणखी तीन किलो. आतला लेप, सांधे आणि वाया जाणारं धरून बारा ते पंधरा किलोंचा माल एकदम घ्या. मध्येच दुसऱ्या कंपनीचा हार्डनर घातला तर सगळं कोष्टक बिघडतं.

भाद्रपदात लावलेल्या थरावर मेणासारखी ओशट साय येते. थिनरने पुसली तरी जात नाही, वर रंग धरत नाही. – एक वाचक, जि. गोंदिया

दमट हवेत हार्डनरचा काही भाग हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून ही साय तयार होते. ती पाण्यात विरघळते, थिनरमध्ये नाही. स्वच्छ पाणी आणि भांड्यांची हिरवी घासणी घेऊन धुवा, पाणी बदलत राहा, कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच पॉलिशपेपर फिरवा. आधी घासलंत तर साय पेपरबरोबर थरात दाबली जाते आणि रंग तिथूनच सोलतो.

तलावांच्या तुमच्या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर बाहेरचे थर लावूच नका. त्या काळात कपाटं, दाराच्या चौकटी, सांगाड्याचं वेल्डिंग करा. दिवाळीनंतर फेब्रुवारी अर्धा होईपर्यंतचा काळ सगळ्या विदर्भात या कामाला सर्वांत चांगला.

बल्लारपूर डेपोतला साग जवळच मिळतो. चौकट आणि पट्ट्या सागाच्या केल्या तर? दोन पट्ट्या चिकटवल्या, वाळल्यावर हाताने उपटल्या गेल्या. – एक वाचक, ता. बल्लारपूर

हा तो साग, ज्याची दारं अयोध्येच्या राममंदिराला लागली. टिकाऊपणात प्रश्नच नाही. पण ज्या तेलामुळे साग कुजत नाही आणि उधई त्याच्या वाटेला जात नाही, तेच तेल चिकटवणीत आडवं येतं. रंधलेल्या पट्टीवर तेल हळूहळू पुन्हा पृष्ठभागावर येतं, म्हणून काल रंधलेली पट्टी आज चिकटवू नये. ८० नंबरच्या पेपरने ताजी घासा, ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा, फडकं पिवळट होणं थांबेपर्यंत फडकी बदला, दहा-पंधरा मिनिटं उडू द्या आणि लगेच चिकटवा. दोन्ही बाजूंना आधी साधं रेझिन, मग एका बाजूला पूड घालून घट्ट केलेलं. शिकंजा बेताने आवळा. फार आवळला तर सांध्यातलं सगळं रेझिन बाहेर येतं आणि आत चिकटायला काही उरत नाही. तुमच्या पट्ट्या उपटल्या गेल्या त्यात याचाही वाटा असू शकतो.

आमचं मत असं की साग दिसणाऱ्या जागी वापरा: ओट्याची कड, दाराची मूठ, पायरी. आतल्या चौकटीला कोरडं पाइन घ्या, ते हलकं आहे आणि चांगलं चिकटतं. फिलेटसाठी, म्हणजे कोपऱ्यात गोलसर भरायच्या पुटीसाठी, आरा मशीनवरचा भुसा वापरणार असाल तर तो सागाचा नको. दुसऱ्या लाकडाचा, उन्हात वाळवून पिठाच्या चाळणीने चाळलेला बारीक भुसा घ्या आणि त्यात थोडं एरोसिल (रेझिन घट्ट करणारी सिलिकाची बारीक पूड) घाला. उभ्या फळीवर लावल्यावर ओघळत नाही इतपत घट्ट झालं की बरोबर. फिलेटची गोलाई सुमारे २० मिमी ठेवा.

फळ्या चिकटेपर्यंत एकमेकींना धरून ठेवणाऱ्या तारेच्या टाक्यांबद्दलही तुम्ही विचारलं आहे. एक मिमीची तांब्याची तार, दोन मिमीची भोकं, दर १०-१५ सेंमीवर एक टाका. सगळे टाके आधी सैल ठेवा. तिरप्या कोपऱ्यांची मापं सारखी आली की मगच एकेक पीळ वाढवा. टाक्यांच्या मधल्या जागी घट्ट रेझिनचे ठिपके देऊन रात्रभर ठेवा, सकाळी तारा काढा, मग सलग फिलेट. तार अडकली तर ओढू नका. सोल्डरिंगची कावी तारेला लावून तापवा, ती सुटते.

लोहाराकडून सांगाडा करून घेतला. रिकामा नीट चालतो, सामान भरलं की जीपच्या मागे डावी-उजवीकडे हेलकावे खातो. – एक वाचक, जि. यवतमाळ

हुकावर वजन कमी पडतं आहे. भरलेल्या कॅम्परच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर हवा. ४५० किलोंचा कॅम्पर असेल तर ४५ ते ६५ किलो. तो मोजायला कापूस मोजायचा टांगता काटा पुरतो. जमीन सपाट, चाकांना दगडाची उटी, कॅम्पर पातळीत, आणि हुकाचं टोक काट्याला टांगलेलं.

ओटा मागे असल्यामुळे पाण्याचे कॅन, गॅस, भांडी सगळं आसाच्या मागे जातं. एक हिशोब पाहा. हुकापासून आस सव्वाआठ फुटांवर असेल आणि ओटा आसाच्या पावणेतीन फूट मागे, तर ओट्यावर ४० किलो ठेवले की हुकावरचे सुमारे १३ किलो कमी होतात. रिकामा कॅम्पर चांगला चालण्याचं आणि भरलेला झुलण्याचं कारण हेच. आधी पाण्याचे कॅन गादीच्या पुढच्या टोकाला हलवून बघा. तरी भागलं नाही तर आस मागे सरकवावा लागेल. आठ फुटी खोलीत तो पुढच्या कडेपासून चार फूट नऊ-दहा इंचांवर असावा, म्हणजे साठ टक्के खोली आसाच्या पुढे. आस वेल्ड करण्याऐवजी यू-बोल्टने बांधला तर हे सरकवणं तासाभराचं काम होतं.

लोहाराकडच्या सांगाड्यात पीळ आहे का, तेही तपासा. चार कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या तिरप्या ताणा. मधोमध त्या एकमेकींना जेमतेम टेकायला हव्यात. मग खालची दोरी वर आणि वरची खाली घेऊन पुन्हा बघा. एकदा फट आणि एकदा दाब दिसला तर सांगाडा पिळलेला आहे. त्यावर खोली आवळली की पीळ खोलीत उतरतो आणि दार बसेनासं होतं. सांगाडा आणि तळ यांच्यात रबराची पट्टी घाला, १० मिमीचे आठ बोल्ट मोठ्या वॉशरसह लावा. प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यात पुन्हा बोल्टचं भोक पाडायचं, म्हणजे पाणी प्लायच्या थरांत शिरत नाही.

टायरवर कोरलेला लोड इंडेक्सही वाचा. ६९ म्हणजे एका टायरला ३२५ किलो. आणि ट्रॅक्टरच्या पिनेच्या हुकात खूप हिसके बसतात; पांदणीतून नेताना बंडीच्या चालीने न्या, नाहीतर फिलेट तडकतील.

उन्हाळ्यात आत झोपता येईल का? काळसर निळा रंग द्यायची मुलांची इच्छा आहे. – एक वाचक, अकोट

मुलांना समजावून सांगा आणि पांढराच द्या. साध्या हवेत सुकलेलं इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं. आपल्याकडे ४५ अंशांच्या दुपारी गडद पृष्ठभाग ७० च्या पुढे सहज जातो. मग ग्लास कापडाची वीण रंगातून वर दिसते, सांधे किंचित सरकतात, आणि एकदा सरकलेला सांधा परत जागेवर येत नाही. लाकूड दिसावं म्हणून नुसतं व्हार्निश देणंही इथे टाळावं. ऊन इपॉक्सीला पिवळं आणि ठिसूळ करतं. आधी प्रायमर, मग दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) पांढरा रंग, दोन-तीन पातळ हात. निळी पट्टी खालच्या वीतभर भागात दिली तर मुलांचंही मन राहील.

छतात २५ मिमी थर्माकोल भरा, सगळ्या छताला मिळून दोन-तीन किलोच लागतो. तो चिकटवायला पॉलिएस्टर किंवा रबर सोल्यूशन वापरू नका, थर्माकोल त्यात विरघळतो. इपॉक्सी किंवा पाण्यातलं फेविकॉल चालतं. छतावर १४ इंची चौकोनी झरोका आणि १२ व्होल्टचा पंखा, आणि हवा आत यायला खाली जाळीची खिडकी. वरून काढलेल्या हवेला खालून वाट मिळाली नाही तर पंखा नुसता फिरतो. मच्छरदाणीची जाळी दोन्हींना. आत डासांची कॉइल किंवा शेगडी कधीही पेटवू नका. तीन घनमीटर हवेच्या बंद खोलीत विषारी वायू साचायला वेळ लागत नाही.

मे महिन्याच्या दुपारी आत झोपण्याची अपेक्षा ठेवू नका. कडुनिंबाखाली उभा करून दोन्ही दारं उघडी ठेवली तर रात्री दहानंतर बरा असतो.

थोडक्यात

*फवारणी पंपाची बॅटरी चालेल का? (दर्यापूर)* चालेल. १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९६ वॉट-तास असतात. ती लेड-ॲसिड असल्यामुळे निम्मेच वापरावेत, म्हणजे दहा वॉटचा पंखा पावणेपाच तास. रात्रभर हवा असेल तर दोन बॅटऱ्या समांतर जोडा आणि प्रत्येकीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज ठेवा.

*नोंदणी लागते का? (सावनेर)* स्वतःच्या वावरातल्या वावरात नाही. सार्वजनिक रस्त्यावर आणायचा असेल तर लागते, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनातच धरला आहे. सांगाडा विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ आणि रस्तायोग्यतेचा नमुना २२ देणाऱ्या उत्पादकाकडून घ्या आणि बांधकाम सुरू करण्याआधी आरटीओत नकाशा दाखवा. नोंदणी असलेल्या ट्रॉलीवर परवानगीशिवाय खोली बसवू नका. चालत्या कॅम्परमध्ये माणूस बसवायचा नाही, मुलंही नाहीत.

*पावसाळ्यात वावरातच ठेवला तर? (दारव्हा)* काळ्या मातीत १२ इंची चाकं आसापर्यंत रुततात. धुऱ्याजवळ मुरमाचा वीतभर थर टाकून त्यावर ठेवा. टेकू लाकडी असतील तर उधई त्यांवरूनच वर चढते. दगडावर लोखंडी टेकू लावा आणि टेकूच्या माथ्यावर बाहेर वळवलेला पत्रा ठेवा. मागच्या झडपेची रबर पट्टी दर पावसाळ्याआधी बोटाने दाबून बघा, दाबलेली जागा पुन्हा फुगली नाही तर बदला.